संकटाची चाहूल आणि संगणकाचा इशारा

आंतरराष्ट्रीय राजकारणात निषेध, तक्रारी, धमक्या आणि वाटाघाटी यांची ये-जा रोजच चालू असते, आणि त्यांतली बहुतेक प्रकरणे जशी उद्भवतात तशीच काही दिवसांत विरूनही जातात. मात्र एखादे प्रकरण विरण्याऐवजी चिघळत जाते आणि पाहता पाहता सैन्ये सरहद्दीवर येऊन ठाकतात. हे चिघळणे वेळीच, म्हणजे काही करता येण्याजोगे असतानाच ओळखता यावे, यासाठी संगणकाची मदत घेण्याचे प्रयत्न १९६० च्या दशकापासून होत आले आहेत. बातम्या, लोकसंख्येची व अर्थव्यवस्थेची आकडेवारी आणि पूर्वीच्या संघर्षांच्या नोंदी एकत्र करून पुढच्या काही आठवड्यांत वा महिन्यांत कोठे हिंसा पेटण्याची शक्यता किती आहे, याचा अंदाज देणाऱ्या या व्यवस्थांना संकट-पूर्वसूचना प्रणाली असे म्हणतात.

संकट कशाला म्हणायचे, हे आधी स्पष्ट असायला हवे. मायकेल ब्रेशर आणि जोनाथन विल्कनफेल्ड या अभ्यासकांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या ‘इंटरनॅशनल क्रायसिस बिहेव्हिअर’ या प्रकल्पाने १९१८ पासूनच्या साडेचारशेहून अधिक आंतरराष्ट्रीय संकटांची नोंद केली आहे. आपल्या राष्ट्राच्या मूलभूत मूल्यांना धोका उत्पन्न झाला आहे, उत्तर देण्यासाठी हाताशी मोजकाच वेळ आहे आणि लष्करी चकमकीची शक्यता वाढली आहे, अशा तिन्ही गोष्टी राज्यकर्त्यांना एकाच वेळी जाणवू लागल्या म्हणजे संकट सुरू झाले, असे हा प्रकल्प मानतो. या तिन्ही गोष्टी राज्यकर्त्यांच्या मनात घडतात, आणि संगणकाला दिसतात त्या केवळ त्यांच्या बाहेर पडलेल्या कृती व उक्ती. पूर्वसूचनेच्या शास्त्रातील मूळ अडचण येथूनच सुरू होते.

क्षेपणास्त्राचे उड्डाण टिपणारी रडार आणि उपग्रह यांचे जाळेही पूर्वसूचनाच देते, परंतु तिथे हल्ला सुरू झालेला असतो आणि हातात उरतात ती काही मिनिटे. येथे विचार आहे तो त्याच्या कितीतरी आधीच्या टप्प्याचा. या टप्प्याची चाहूल घेणारी साधने गेल्या साठ वर्षांत विलक्षण सुधारली, तरीही संकटे टाळण्याचे प्रमाण त्या मानाने सुधारले नाही. यंत्राला प्रश्न कोणता विचारला आणि त्याचे उत्तर कोणाच्या टेबलावर पोहोचले, या दोन बाबी गणिताइतक्याच, किंबहुना गणिताहून अधिक निर्णायक असतात, हेच या सहा दशकांच्या वाटचालीतून दिसते.

हवामानाकडून युद्धाकडे

या विचाराचे मूळ संगणकाच्याही आधीचे आहे. लुईस फ्राय रिचर्डसन (१८८१–१९५३) हे ब्रिटिश शास्त्रज्ञ आज मुख्यतः हवामानशास्त्रासाठी ओळखले जातात. वातावरणाची गणिती समीकरणे सोडवून उद्याच्या हवामानाचे भाकीत करता येईल, हा विचार त्यांनी १९२२ च्या आपल्या ग्रंथात तपशीलवार मांडला होता. ते क्वेकर, म्हणजे युद्धाला धर्मतत्त्व म्हणून विरोध करणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे होते, आणि पहिल्या महायुद्धात शस्त्र न उचलता त्यांनी फ्रान्समध्ये रुग्णवाहिका पथकात काम केले. वातावरणातील उलथापालथ जर समीकरणांत बसवता येते, तर राष्ट्राराष्ट्रांतील वैमनस्य का बसवता येऊ नये, या प्रश्नाने त्यांना पुढची तीस वर्षे गुंतवून ठेवले.

त्यांचे शस्त्रस्पर्धेचे प्रारूप, म्हणजे वास्तवातील गुंतागुंत थोड्या चलराशींत मांडणारी गणिती रचना, अगदी सुटसुटीत होते. एका राष्ट्राचा शस्त्रखर्च प्रतिस्पर्ध्याच्या शस्त्रसाठ्याच्या प्रमाणात वाढतो, स्वतःच्या तिजोरीवर पडणाऱ्या ताणाच्या प्रमाणात घटतो आणि जुन्या तक्रारींमुळे त्यात कायमची भर पडत राहते. दोन्ही राष्ट्रांसाठी अशी समीकरणे मांडली की, परस्परांची भीती तिजोरीच्या लगामापेक्षा प्रबळ असल्यास स्पर्धा अनावर होते आणि लगाम प्रबळ असल्यास ती कोठेतरी स्थिरावते. याच्या जोडीला त्यांनी शेकडो लढायांतील मृत्यूंची आकडेवारी जमवली आणि भूकंपाच्या तीव्रतेप्रमाणे युद्धाचीही तीव्रता मृतांच्या संख्येच्या लॉगरिदमवरून मोजली. या विषयावरील त्यांचे दोन्ही प्रमुख ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९६० मध्ये नीटपणे प्रकाशित झाले. हवामानाच्या बाबतीत त्यांचे स्वप्न संगणकाने खरे केले, पण युद्धाच्या बाबतीत मात्र एक फरक आड आला. ढगाला आपल्याविषयीचे भाकीत वाचता येत नाही, राज्यकर्त्याला येते आणि ते वाचून तो आपली चाल बदलतो.

घटनांची मोजदाद

रिचर्डसन यांनी शस्त्रे आणि मृत्यू मोजले, तर त्यांच्यानंतरच्या पिढीने रोजचा राजनैतिक व्यवहार मोजायला घेतला. अमेरिकेतील चार्ल्स मॅक्लेलंड यांनी १९६० च्या दशकात ‘वर्ल्ड इव्हेंट/इंटरॅक्शन सर्व्हे’ ही नोंदपद्धती उभारली. वृत्तपत्रातील प्रत्येक बातमीतून कोणी, कोणाविरुद्ध वा कोणासाठी, केव्हा आणि काय केले एवढेच वेचायचे आणि ‘काय केले’ याला ठरावीक प्रकारांपैकी एक सांकेतिक क्रमांक द्यायचा, अशी ही पद्धत होती. अशा नोंदींच्या संग्रहाला घटना-विदा म्हणतात. विदा म्हणजे बोलीत ज्याला डेटा म्हटले जाते तो.

बर्लिन आणि तैवानची सामुद्रधुनी येथील तणावाचा या पद्धतीने अभ्यास करताना मॅक्लेलंड यांच्या लक्षात आले की, संकटकाळात घटनांची संख्या तर वाढतेच, पण त्यांची विविधताही वाढते. शांततेच्या काळात दोन प्रतिस्पर्धी राष्ट्रे ठरलेल्याच चाकोरीत वागतात, म्हणजे निषेध नोंदवतात, खुलासे करतात, आरोप फेटाळतात. संकट आले की ही चाकोरी मोडते आणि एरवी न दिसणाऱ्या प्रकारच्या कृती अचानक दिसू लागतात. एडवर्ड अझर यांच्या ‘कॉन्फ्लिक्ट अँड पीस डेटा बँक’ने १९४८ ते १९७८ या काळातील घटना सहकार्यापासून युद्धापर्यंतच्या पंधरा पायऱ्यांवर बसवल्या. पुढे १९९२ मध्ये जोशुआ गोल्डस्टीन यांनी मॅक्लेलंड यांच्या प्रकारांना तज्ज्ञांच्या मतांवरून गुण दिले आणि लष्करी हल्ल्याला उणे १०, तर लष्करी मदतीला अधिक ८.३ असे मूल्य ठरवले. आता दोन देशांमधील महिन्याभराच्या व्यवहाराची बेरीज करून त्यांच्या संबंधांचा आलेख काढता येऊ लागला.

स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉबर्ट नॉर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या १९१४ मधील शेवटच्या आठवड्यांतील राजनैतिक कागदपत्रे घेऊन त्यांनी त्यांतील वैर, भीती, सामर्थ्य यांविषयीच्या विधानांची मोजणी केली, आणि पुढे त्यासाठी संगणकही वापरला. समोरचा आपल्याशी वैर करतो आहे ही भावना टोकाला गेली की स्वतःच्या सामर्थ्याचा हिशेब मागे पडतो, हा त्यांच्या अभ्यासातून निघालेला महत्त्वाचा धडा होता.

अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील संशोधनसंस्थेने, म्हणजे आज ‘डार्पा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने, १९७० च्या दशकात या घटना-विदेवर आधारलेली एक प्रायोगिक पूर्वसूचना प्रणाली तयार करवून घेतली. कोणत्याही दोन देशांतील व्यवहार त्यांच्या आजवरच्या सरासरीपासून किती ढळला, हे ती पडद्यावर दाखवत असे. मात्र प्रत्येक बातमी माणसाने वाचून तिला क्रमांक द्यावा लागत असल्याने नोंदी नेहमी मागे पडत, आणि दोन महिन्यांपूर्वीची विदा घेऊन उद्याचा इशारा देणे अर्थातच शक्य नव्हते.

बातमी वाचणारे यंत्र

ही कोंडी फुटली ती कॅन्सस विद्यापीठात. फिलिप श्रॉट यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेल्या ‘कॅन्सस इव्हेंट डेटा सिस्टिम’ने रॉयटर्स वृत्तसंस्थेच्या बातमीचे पहिले वाक्य संगणकाकडून वाचून घेतले. त्या आज्ञावलीला भाषा कळत नव्हती. तिच्याजवळ होते ते केवळ दोन मोठे कोश, एक देश, नेते व संघटना यांच्या नावांचा आणि दुसरा क्रियापदांचा. वाक्यातील क्रियापद शोधायचे, त्याच्या अलीकडचे नाव कर्ता आणि पलीकडचे कर्म धरायचे आणि क्रियापदाला ठरलेला क्रमांक लावायचा, इतक्या ढोबळ व्याकरणावर ती चालत असे. तरीही माणसांनी केलेल्या नोंदींशी ताडून पाहता तिचे काम स्वीकारण्याजोगे ठरले. शिवाय माणूस दुपारनंतर कंटाळतो, यंत्र कंटाळत नाही. इस्रायल, पॅलेस्टिनी, लेबनॉन आणि सीरिया यांच्यातील १९७९ पासूनच्या घडामोडींची सलग नोंद या पद्धतीने तयार झाली. पुढे डेबोरा गर्नर आणि श्रॉट यांनी ‘कॅमिओ’ ही नवी वर्गवारी तयार केली. तिच्यातील २० मुख्य गट जाहीर निवेदनापासून सुरू होऊन मागणी, धमकी, निदर्शने, बळजबरी, लढाई अशा पायऱ्यांनी सामूहिक संहारापर्यंत जातात.

इंटरनेटवर बातम्यांचा पूर आल्यावर हे काम प्रचंड प्रमाणावर होऊ लागले. केलेव्ह लीटारू यांनी २०१३ मध्ये खुला केलेला ‘जीडेल्ट’ हा संग्रह १९७९ पासूनच्या कोट्यवधी घटना-नोंदी देतो आणि सतत अद्ययावत होत राहतो. पण विपुलतेबरोबर नव्या अडचणीही आल्या. एकच घटना पन्नास वृत्तपत्रांनी छापली तर यंत्राला त्या पन्नास घटना वाटू शकतात. नायजेरियातील चिबोक येथून २०१४ मध्ये शाळकरी मुलींचे अपहरण झाले, तेव्हा जगभर उसळलेल्या बातम्यांची संख्या म्हणजेच अपहरणांची संख्या असा समज करून काढलेले निष्कर्ष यामुळेच वादग्रस्त ठरले. दुसरी अडचण अधिक खोलवरची आहे. जिथे वार्ताहर असतात तिथल्या घटना नोंदल्या जातात आणि जिथे ते नसतात तिथे यंत्राच्या लेखी शांतता असते. संघर्ष वाढला की पत्रकारांना हाकलले जाते, इंटरनेट बंद पडते आणि नेमके सर्वांत धोक्याच्या क्षणी विदेतील घटना कमी होतात. म्हणून जाणते विश्लेषक बातम्यांच्या वाढीकडे जितके बारकाईने पाहतात, तितकेच एखाद्या प्रदेशातून येणाऱ्या बातम्या एकाएकी आटण्याकडेही पाहतात.

सुकलेले गवत आणि ठिणगी

घटना-विदा ठिणग्यांवर नजर ठेवते. मात्र गवत किती सुकलेले आहे हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी दुसऱ्या प्रकारची माहिती लागते, जिला संरचनात्मक निर्देशक म्हणतात. राज्यव्यवस्थेचे स्वरूप, दारिद्र्य, शेजारी देशांची अवस्था, वांशिक गटांना मिळणारी वागणूक अशा सावकाश बदलणाऱ्या बाबी त्यात येतात. अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष अल गोर यांच्या सूचनेवरून १९९४ मध्ये नेमलेल्या आणि पुढे ‘पोलिटिकल इन्स्टेबिलिटी टास्क फोर्स’ असे नाव मिळालेल्या अभ्यासगटाने अशा शेकडो निर्देशकांची छाननी केली. जॅक गोल्डस्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षाने अनेकांना चकित केले, कारण एवढ्या छाननीनंतर प्रारूपात उरले ते अवघे चार घटक: राजवटीचा प्रकार, बालमृत्यूचे प्रमाण, आजूबाजूच्या देशांतील सशस्त्र संघर्ष आणि राज्यसंस्थेने एखाद्या गटाशी उघडपणे केलेला भेदभाव. यांच्या आधारे अस्थैर्य सुरू होण्याच्या दोन वर्षे आधी ८० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत देशांची योग्य विभागणी करता आली.

बालमृत्यूंमुळे यादवी पेटते असा याचा अर्थ नाही. रस्ते, दवाखाने, पाणी, शिक्षण आणि प्रशासन यांची एकत्रित अवस्था त्या एका आकड्यात उमटते, म्हणून तो उपयोगी पडतो. राजवटींच्या बाबतीत पूर्ण हुकूमशाही आणि रुजलेली लोकशाही या दोन्ही तुलनेने स्थिर आढळल्या, तर निवडणुका असूनही सत्ता गटागटांत वाटली गेलेल्या अर्धवट लोकशाहीत धोका सर्वाधिक दिसला. मात्र या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट आहे. सावकाश बदलणारा निर्देशक दिवस सांगू शकत नाही. ट्युनिशियातील सिदी बूझिद या गावात १७ डिसेंबर २०१० रोजी मोहम्मद बुआझिझी या फळविक्रेत्याने स्वतःला पेटवून घेतले आणि त्यातून अरब जगतात उठाव पसरले. त्या दिवसाचे भाकीत कोणत्याही वार्षिक आकडेवारीतून निघण्याजोगे नव्हते.

म्हणूनच अलीकडच्या प्रणाली दोन्ही प्रकारची माहिती एकत्र गुंफतात. ‘डार्पा’ने २००७ मध्ये सुरू केलेल्या आणि ‘आयक्यूज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पाने आशिया-प्रशांत क्षेत्रातील २९ देशांसाठी बंड, उठाव, वांशिक-धार्मिक हिंसा, अंतर्गत राजकीय संकट आणि आंतरराष्ट्रीय संकट अशा पाच प्रकारच्या घडामोडींचे अंदाज दिले. एकाच प्रारूपावर विसंबून न राहता वेगवेगळ्या गृहीतकांवर उभ्या असलेल्या अनेक प्रारूपांची मते घेऊन, प्रत्येकाच्या पूर्वीच्या कामगिरीनुसार त्याला वजन देण्याची पद्धत त्यात वापरली गेली. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात होवार्ड हेग्रे यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ‘व्ह्यूज’ ही प्रणाली आणखी पुढे जाते. ती दर महिन्याला पुढील ३६ महिन्यांचे अंदाज जाहीर करते, आणि तेही केवळ देशवार नव्हे, तर नकाशावर अर्धा अंश लांब व अर्धा अंश रुंद, म्हणजे विषुववृत्तापाशी सुमारे ५५ किलोमीटर बाजू असलेल्या चौकोनांसाठी. यात मशीन लर्निंगचा, म्हणजे नियम माणसाने न सांगता पूर्वीच्या हजारो उदाहरणांतून यंत्रानेच ते शोधण्याच्या पद्धतीचा, मोठा वाटा आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. या नव्या प्रणालींचे बहुतेक लक्ष देशांतर्गत हिंसेवर आहे, दोन राष्ट्रांमधील युद्धावर नाही. उदाहरणांतून शिकणाऱ्या यंत्राला उदाहरणे पुष्कळ लागतात, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्राराष्ट्रांतील युद्धे सुदैवाने फार थोडी झाली. त्यातही युद्ध सुरू करण्याचा निर्णय अनेकदा एखाद्या नेत्याच्या बंद खोलीत होतो. रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर केलेल्या आक्रमणाचा ठोस इशारा आधी मिळाला तो उपग्रहांच्या छायाचित्रांतून आणि गुप्तचरांच्या माहितीतून, बालमृत्यूच्या तक्त्यांतून नव्हे.

अचूकतेचा फसवा आकडा

अमुक प्रणाली ८० टक्के अचूक आहे, असे वाचले की सामान्य वाचकाला ती पाचपैकी चार वेळा बरोबर ठरते असे वाटते. पण घडणारी गोष्ट दुर्मीळ असली की हा हिशेब फसवतो. समजा, जगातील १६० देशांपैकी एका वर्षात पाच देशांत नवे संकट उद्भवणार आहे, आणि संकट असलेले देश व संकट नसलेले देश या दोन्हींना ओळखण्यात यंत्र ८० टक्के वेळा बरोबर ठरते. मग पाचपैकी चार संकटे ते पकडेल, पण उरलेल्या १५५ देशांपैकी २० टक्के, म्हणजे ३१ देशांबाबत नाहक इशारा देईल. एकूण ३५ इशाऱ्यांत खरे चारच, म्हणजे नवात एखादाच. उलट, कोठेही काहीही होणार नाही असे डोळे मिटून सांगणारे यंत्र १६० पैकी १५५ देशांबाबत, म्हणजे जवळजवळ ९७ टक्के वेळा बरोबर ठरेल आणि तरी कवडीमोलाचे असेल.

नाहक इशाऱ्यांची किंमत केवळ वेळेत मोजली जात नाही. ‘लांडगा आला रे आला’ ही ओरड दोनचारदा फोल ठरली की तिसऱ्या-चौथ्या वेळी कोणी मान वर करून पाहत नाही. इशाऱ्याची पातळी कोठे ठेवायची, म्हणजे किती शक्यता झाली की घंटा वाजवायची, हा म्हणूनच गणिताचा प्रश्न नाही. नाहक धावपळ झालेली चालेल की हुकलेले संकट चालेल, याची निवड माणसांना करावी लागते. विचारपूस, दूताची भेट, धान्यसाठ्याची तयारी अशा स्वस्त उपायांसाठी पातळी खाली ठेवता येते. सैन्य पाठवायचे असेल तर ती वर न्यावी लागते.

जे शोधायला सांगितले तेच सापडते

पूर्वसूचनेची व्यवस्था स्वतःच संकट ओढवून आणू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण सोव्हिएत संघाचे आहे. केजीबी या तेथील गुप्तचर संस्थेचे प्रमुख युरी आंद्रोपोव्ह यांच्या काळात, १९८१ मध्ये, ‘रायन’ ही मोहीम सुरू झाली. अमेरिका अचानक अणुहल्ला करण्याच्या तयारीत आहे हे गृहीत धरून त्या तयारीच्या खुणा जगभरातून गोळा करायच्या, असे तिचे स्वरूप होते. सरकारी कचेऱ्यांत रात्री किती खिडक्यांतून उजेड दिसतो, रक्तपेढ्यांत रक्ताची मागणी वाढली आहे का, अशा बाबींवर हेरांना नजर ठेवावी लागे. ओलेग गोर्डिएव्हस्की या केजीबी अधिकाऱ्याने, जो ब्रिटनसाठी काम करत होता, या मोहिमेची माहिती पाश्चात्त्यांपर्यंत पोहोचवली. लंडनमधील केजीबी अधिकाऱ्यांचा स्वतःचा असा हल्ला होण्यावर विश्वास नव्हता, पण मागितलेली माहिती पुरवणे भाग असल्याने ते ती पाठवत राहिले, आणि मॉस्कोत तीच माहिती पुरावा म्हणून साठत गेली.

याच सुमारास दोन महासत्तांच्या बळाची तुलना करणारे एक संगणकीय प्रारूपही केजीबीने वापरात आणले होते. अमेरिकी अध्यक्षांच्या गुप्तवार्ता सल्लागार मंडळाने १९९० मध्ये तयार केलेल्या आणि २०१५ मध्ये खुल्या झालेल्या अहवालानुसार, लष्करी, राजकीय व आर्थिक अशा सुमारे ४०,००० घटकांना त्यात वजने दिलेली होती. अमेरिकेचे बळ १०० धरले तर सोव्हिएत संघाचे निदान ६० असावे, तरच तो सुरक्षित, असे मानले जाई, आणि १९८४ पर्यंत तो आकडा ४५ वर आला होता. नोव्हेंबर १९८३ मध्ये नाटो राष्ट्रांनी ‘एबल आर्चर’ हा अण्वस्त्रवापराच्या आदेशप्रक्रियेचा सराव केला, तेव्हा या पार्श्वभूमीवर मॉस्कोतील भीती किती वाढली होती, याविषयी इतिहासकारांत आजही वाद आहे. परंतु प्रणालीतील दोष वादातीत आहे. हल्ल्याच्या खुणा शोधण्याची तिला आज्ञा होती. हल्ला होणार नाही असे सुचवणाऱ्या खुणांसाठी तिच्या अर्जात रकानाच नव्हता. चाळीस हजार घटकांमुळे तिला शास्त्राचे रूप आले, पण मुळातील गृहीतक तपासण्याची सोय मात्र आली नाही.

इशारा पोहोचतो, पुढे काय?

रवांडाची कथा याच्या नेमकी उलट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तेथील शांतिसेनेचे प्रमुख, कॅनडाचे जनरल रोमिओ दालेर यांनी ११ जानेवारी १९९४ रोजी न्यूयॉर्कला पाठवलेल्या फॅक्समध्ये शस्त्रांचे गुप्त साठे आणि तुत्सी लोकांच्या याद्या तयार होत असल्याची खबर दिली होती. साठे जप्त करण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही, आणि एप्रिलमध्ये सुरू झालेल्या वंशसंहारात सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. येथे चाहूल घेण्यात काहीही कमी पडले नव्हते. हस्तक्षेप करायला कोणतेही बडे राष्ट्र राजी नव्हते, म्हणून इशारा कागदावरच राहिला.

संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचा पूर्वसूचना विभाग असावा, हा प्रयत्न त्याआधी होऊन गेला होता. सनदेच्या ९९ व्या कलमानुसार शांततेला धोका असलेली कोणतीही बाब महासचिवांना सुरक्षा परिषदेपुढे आणता येते, आणि त्यासाठी लागणारी माहिती जमवण्याकरिता तत्कालीन महासचिव हावियर पेरेझ द क्वेयार यांनी १९८७ मध्ये एक स्वतंत्र कार्यालय उघडले. १९९२ च्या फेररचनेत ते बंद झाले. सदस्यराष्ट्रांना आपल्या कारभाराची अशी टेहळणी नको असते, आणि संभाव्य संकटग्रस्तांच्या यादीत आपले नाव असावे असे कोणत्याच सरकारला वाटत नाही. या यादीमुळे गुंतवणूकदार बिथरतात, विरोधकांना बळ मिळते आणि भाकीत कधी कधी स्वतःच्या पायांनी खरे होण्याच्या दिशेने चालू लागते.

इशारा आणि कृती यांच्यातील अंतर कमी करण्याचा उल्लेखनीय प्रयत्न पूर्व आफ्रिकेत झाला. तेथील ‘इगाड’ या प्रादेशिक संघटनेने २००२ मध्ये ‘सीवॉर्न’ ही यंत्रणा स्थापन केली आणि प्रारंभी तिचे क्षेत्र मुद्दाम मर्यादित ठेवले. केनिया, युगांडा, इथिओपिया आणि तेव्हाचा सुदान (२०११ पासून दक्षिण सुदान) यांच्या सीमा जिथे मिळतात त्या कारामोजा पट्ट्यातील पशुपालक जमातींत गुरे पळवण्यावरून होणाऱ्या चकमकींकडे तिने लक्ष दिले. गावोगावचे निरीक्षक ठरावीक नमुन्यात अहवाल भरतात. कोणत्या कुरणात कोणते कळप उतरले, कोणत्या वाटेवर बायकामुलांचे येणेजाणे थांबले, असे तपशील राजधानीतील बातमीपत्रात कधीच येत नाहीत, पण चकमकीपूर्वी तेच आधी बदलतात. इशारा मिळाला की स्थानिक शांतता समित्यांनी बोलणी सुरू करायची, हे आधीच ठरलेले असते आणि तातडीच्या खर्चासाठी निधीचीही तरतूद असते. केनियातही २०१० च्या सार्वमताच्या वेळी ‘उविआनो’ या मंचाने १०८ या क्रमांकावर नागरिकांचे संदेश घेऊन ते थेट स्थानिक मध्यस्थांपर्यंत पोहोचवले. गणिताच्या दृष्टीने या व्यवस्था साध्याच आहेत; त्यांचे बळ आहे ते त्यांच्या इशाऱ्याचा पत्ता ठरलेला असण्यात.

अशा कामाचे यश सिद्ध करणेही अवघड असते. मॅसिडोनियात बाल्कन युद्धांचे लोण पोहोचू नये म्हणून संयुक्त राष्ट्रांनी १९९२ च्या अखेरीस आधीच सैनिक तैनात केले आणि १९९९ पर्यंत ते तेथे राहिले. त्या काळात तेथे युद्ध झाले नाही. ते सैनिकांमुळे टळले की होणारच नव्हते, हे सिद्ध करण्याचा मार्ग नाही. एकेका घटनेवरून पूर्वसूचना प्रणाली पारखता येत नाही ती यामुळेच. तिने ज्या शंभर ठिकाणी ३० टक्के शक्यता सांगितली, त्यांपैकी सुमारे तीस ठिकाणी खरोखर हिंसा झाली का, हे वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून पाहावे लागते, आणि ते पाहता यावे यासाठी अंदाज घटनेआधी, सर्वांना दिसेल असे जाहीर व्हावे लागतात. ‘व्ह्यूज’सारख्या विद्यापीठीय प्रणाली हे करतात, गुप्तचर खात्यांच्या कपाटातील प्रणालींची अशी परीक्षा बाहेरच्या कोणालाच घेता येत नाही, आणि ‘रायन’चा अनुभव पाहता तिची गरज तेथेच अधिक आहे.

आता अनेक भाषांतील मजकूर समजून घेणारी भाषिक प्रारूपे बातम्यांची वर्गवारी करू लागली आहेत आणि उपग्रहांवरून जळालेली गावे मोजता येतात, त्यामुळे चाहूल घेण्याची क्षमता वाढतच जाणार आहे. तिचा उपयोग मात्र सरकारे आणि आंतरराष्ट्रीय संस्था आपली कामाची पद्धत किती बदलतात यावर अवलंबून राहील. एखाद्या प्रदेशासाठी शक्यतेचा आकडा ३० टक्क्यांवर गेला तर दूत कोणी पाठवायचा, धान्य कोठून हलवायचे आणि त्या निर्णयाला उत्तरदायी कोण, हे आकडा वर जाण्याआधीच लेखी ठरलेले असेल, तर साध्या यंत्राचा इशाराही कामी येतो. ते ठरलेले नसेल, तर अत्यंत अचूक यंत्रदेखील पुढच्या चौकशी समितीला एक जादा कागद पुरवण्यापलीकडे काही करू शकत नाही.